हिरवा झगा कुणी शिवला

१

शुक्रवारी सकाळी बाहुलीबाई त्यांच्या कामाच्या खोलीत, खुर्चीत बसलेल्या सापडल्या. मान एका खांद्यावर कलंडलेली, डोळे अर्धवट उघडे आणि मांडीवर हातभर उंचीची एक बाहुली. बाहुलीच्या अंगात हिरवागार झगा होता. पानाचा हिरवा नव्हे. अंधाऱ्या पाण्यावर साचतो तसला, नजर धरून ठेवणारा.

भोवतीच्या काचेच्या कपाटांत आणखी त्रेचाळीस बाहुल्या उभ्या होत्या. दोनशे वर्षांत बायकांनी अंगावर काय काय वागवलं, ते सगळं त्या खोलीत होतं. पिंजऱ्यावर ताणलेले घेर होते, श्वास कोंडेल इतक्या आवळलेल्या कंबरा होत्या, फुग्यांसारख्या बाह्या होत्या. काळ्या पोशाखातल्या एका विधवेला मोहरीपेक्षा बारीक बटणं होती आणि ती खरोखर काजांतून निघत. सगळ्यांची तोंडं मधल्या खुर्चीकडे होती. मेलेल्या बाईला त्या किती तास बघत होत्या, कोण जाणे.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. बाईंच्या पोटात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघालं आणि झग्याच्या कापडातही सोमल निघाला. पूर्वी हा रंग सोमलाशिवाय बनत नसे. संग्रहालयात त्या काळातला एक हिरवा झगा होता. बाईंच्या बाहुल्यांच्या प्रदर्शनासाठी त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची म्हणून संचालकांनीच जुन्या कापडाचा तुकडा बाईंना दिला होता. बाई धागा ओठांत ओला करून सुईत ओवत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांच्या तरुणपणीच्या फोटोतही धागा ओठांतच होता. दिवसरात्र त्या कापडात हात, तेच हात तोंडाला. कापडानं बाईला खाल्लं, असं लोक म्हणू लागले. पोलिसांच्या फायलीवरही तेच लिहून आलं, जरा सभ्य भाषेत.

इन्स्पेक्टरबाईंनी फक्त सही करायची होती. पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही त्यांची जुनी खोड. तिच्यापायी हाताखालचे लोक मेटाकुटीला येत. शवविच्छेदनाच्या अहवालात, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशा जागी एक ओळ होती. ‘दोन्ही हातांची बोटं स्वच्छ, त्वचा मऊ, नवा-जुना कुठलाही व्रण नाही.’

इन्स्पेक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांची आई एका शिंप्याकडची काजंबटणं घरी आणून करायची. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट किसणीसारखं होतं. सुई कापडाच्या खालून वर येते ती त्याच बोटावर. लहानपणी आई गालावरून हात फिरवायची तेव्हा ते टोचायचं.

मऊ बोटांच्या या बाईनं कित्येक महिन्यांत सुई धरलेली नव्हती. मग हिरवा झगा कुणी शिवला?

२

घरात आता दोनच माणसं उरली होती. बाहुलीबाईंची धाकटी बहीण आणि तिचा पंचविशीतला मुलगा. धाकटी पंचावन्नची, विधवा, बोलायला हळू. तिनं इन्स्पेक्टरबाईंना बाहुल्यांच्या खोलीतच बसवलं, कारण दुसऱ्या खोलीत खुर्च्या नव्हत्या. हिरव्या झग्याची बाहुली पोलिसांनी काचेच्या पेटीत सीलबंद करून परत दिली होती. ती टेबलाच्या मधोमध उभी होती.

“हा झगा करायला किती दिवस लागले?”

“पाच महिने काम चाललं होतं,” धाकटी म्हणाली.

“रोज किती वेळ शिवायच्या ताई?”

“सकाळी उजेड चांगला असतो. तेव्हा शिवून व्हायचं.”

“आणि हे कापड?”

“फक्त कमरेची झालर जुन्या तुकड्याची आहे. बाकीचं नवं रेशीम. त्याला रंग दिला गेला, मूळच्यासारखा.”

इन्स्पेक्टरबाई मुकाट्यानं ऐकत होत्या. काम चाललं होतं. शिवून व्हायचं. रंग दिला गेला. इतक्या वाक्यांत एकदाही ‘ताईनं शिवलं’ असं आलं नव्हतं. आणि बोलत असताना धाकटीचे दोन्ही हात एप्रनच्या खिशांत होते.

“बाई, जरा हात दाखवता?”

धाकटीनं डावा हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. पहिल्या बोटाचं टोक काळपट, निबर, बारीक बारीक भोकांनी भरलेलं होतं.

“किती दिवस?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

“अडीच वर्षं.” धाकटीचा आवाज आणखी खाली गेला. “ताईच्या हातांना कंप सुटला. आधी सुई ओवता येईना, मग कात्री धरता येईना. शेवटी शेवटी साधा चहा ओतता यायचा नाही. लोकांसमोर ती हात शालीखाली घट्ट धरून बसायची. म्हणाली, हे बाहेर कळलं तर माझं काही उरणार नाही. मी म्हटलं, मी शिवते, तू सांग. ती बघायची, मापं सांगायची, चुका काढायची. मी आणि माझा मुलगा सोडून कुणालाच माहीत नव्हतं.”

“धागा तुम्हीही ओठांत धरता?”

“ताईनंच शिकवलं ना. तशीच सवय लागली.”

“म्हणजे पाच महिने ते कापड तुमच्या हातात होतं. तोच धागा तुमच्या तोंडात होता.” इन्स्पेक्टरबाई पुढे वाकल्या. “बाई, मग तुम्हाला कसं काहीच झालं नाही?”

धाकटीनं पेटीकडे पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर पडलाच नसावा. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

कापडानं कुणालाही मारलं नव्हतं. सोमल दुसऱ्या वाटेनं आला होता आणि या घराच्या आत आला होता.

३

मुलगा बाहुल्यांचे केस करायचा. एकेक केस सुईनं टोचून बसवायचा. इन्स्पेक्टरबाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्याच्यासमोर एक टक्कल असलेलं मेणाचं डोकं होतं आणि तो मान वर करायला तयार नव्हता.

“मावशीशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे.”

“रोजच व्हायचं. आईनं डोळे फोडून शिवायचं आणि फोटो मावशीचा यायचा. मी सांगितलं होतं तिला, प्रदर्शनाच्या पाटीवर आईचं नाव लाव, नाहीतर मी सगळ्यांना सांगेन.”

“मग?”

“म्हणाली, लावते. खरंच म्हणाली.” त्यानं सुई खाली ठेवली. “शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. म्हणाली, उद्घाटनाला मी दोन गोष्टी बोलणार आहे. एक तुझ्या आईबद्दल आणि एक या झग्याबद्दल. दुसरी ऐकून काही लोकांची झोप उडेल. काय ते सांगितलं नाही. तिला असं कोड्यात बोलायला आवडायचं.”

तो उठला आणि कपाटावरून एक वही काढून आणली. बाहुलीबाईंची शेवटची वही. थरथरत्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांची. शेवटच्या पानावर संग्रहालयातल्या झग्याचं वेडंवाकडं चित्र होतं. घेरावर गोल फिरणारे पट्टे काढले होते, एक गडद, एक फिका. खाली दोनच शब्द होते. ‘आडवे का?’

“याचा अर्थ?”

“माहीत नाही. पट्टे आडवेच आहेत त्या झग्याला. आईनं बाहुलीच्या झग्यालाही तसेच रंगवलेत.”

तिथून इन्स्पेक्टरबाई बाईंच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी केसपेपर काढून दिला. पोट बिघडलं, उलट्या, पायांना मुंग्या. दोन महिन्यांत पाच वेळा घरी बोलावणं आलं होतं. इन्स्पेक्टरबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरशी तारखा ताडून पाहिल्या, पुन्हा एकदा पाहिल्या.

पाचही शुक्रवार होते. आणि मृत्यूही शुक्रवारीच.

त्यांनी दवाखान्यातूनच धाकटीला फोन लावला. “गुरुवारी तुमच्याकडे काय असतं?”

“काही नाही. संचालक सर येतात दुपारी, काम बघायला. मी चहाची किटली आत नेऊन ठेवते आणि बाहेर येते. ते दोघं दार लावून बोलत बसायचे.”

चहा करणारी धाकटी होती आणि खोलीत असणारे संचालक. दोघांतलं एक.

“झगा तुम्ही शिवलात हे अजून कुणाला सांगू नका,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. हे आपण तिला वाचवायला सांगतोय की अडकवायला, ते त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

४

संग्रहालयाचे संचालक उंच, पांढऱ्या केसांचे आणि फार अदबीचे. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका बंद पडलेल्या घराच्या माळ्यावरून तो हिरवा झगा शोधून काढला होता. त्यावर पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, देशोदेशीचे लोक तो बघायला येऊ लागले. संग्रहालयाच्या दारावरही त्याचंच चित्र होतं.

अंधारलेल्या दालनात, एका मंद दिव्याखाली तो झगा उभा होता. आत माणूस नव्हतं, तरी कुणीतरी पाठमोरं उभं आहे असंच वाटत होतं.

“हे पट्टे?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

“त्या काळची फॅशन. कापडातच छटा विणायचे. मी पुस्तकात एक पूर्ण प्रकरण दिलंय त्यावर.” ते थांबले. “बाहुलीबाईंच्या जाण्यानं माझं फार नुकसान झालं, मॅडम. प्रदर्शन त्यांच्याच नावावर होतं. आणि तुकडा मी दिला, ही बोच जन्मभर राहणार.”

“तुम्ही त्यांना बजावलं नव्हतं?”

“कितीदा तरी. दर गुरुवारी मी चहा ओतायचो आणि त्या झग्यावर वाकून शिवत असायच्या. प्रत्येक धागा ओठांत. मी म्हणायचो, बाई, हे कापड बरं नाही. पण ऐकतील तर शपथ.”

“म्हणजे शिवताना तुम्ही त्यांना डोळ्यांनी पाहिलंय.”

“माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल.”

इन्स्पेक्टरबाईंनी मान डोलावली आणि वहीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यांचा गुडघा दुखत होता, तरी त्या बसल्या नाहीत.

“ती बाहुली मात्र आता घरात नको,” संचालक म्हणाले. “विषारी वस्तू आहे. आमच्याकडे पाठवा. मी तिची योग्य ती व्यवस्था लावतो.”

ते सौम्यपणे, काळजीनं बोलत होते. तरीही इन्स्पेक्टरबाईंना एक गोष्ट दिसली. या माणसाला झग्याची चिंता नव्हती, बाईचीही नव्हती. त्याला ती बाहुली नाहीशी व्हायला हवी होती. पण का, ते समजत नव्हतं.

५

ते समजलं दोन दिवसांनी, दुपारी, पोलीस ठाण्यात.

सफाईवाल्या बाईनं खिडकीचा पडदा धुवायला काढला आणि जागा नव्हती म्हणून इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर आडवा टाकला. “दोन मिनिटं हं मॅडम, दुसरा काढते.” इन्स्पेक्टरबाईंनी वैतागून आपले कागद त्याच्या खालून ओढले आणि हात तसाच राहिला.

पडद्यावर पट्टे होते. एक गडद, एक फिका. विणलेले नव्हेत, उन्हाचे. पडदा चुण्यांत लटकतो. चुणीचा जो भाग पुढे येतो तो उन्हानं विटतो आणि आतला तसाच राहतो. वर्षानुवर्षं टांगलेल्या पडद्यावर असे उभे पट्टे पडतात. तोच पडदा आडवा टाकला की पट्टेही आडवे होतात.

आडवे का?

बाहुलीबाईंचे हात गेले होते, नजर शाबूत होती. दोनशे वर्षांच्या पोशाखांची नक्कल करण्यात जन्म गेलेल्या त्या बाईनं ओळखलं होतं की हा कुणा मोठ्या घरच्या बाईचा झगा नाहीच. हा जुना पडदा आहे, आडवा धरून कापलेला. कापड खरं जुनं, रंग खरा विषारी आणि झगा मात्र खोटा. तो माळ्यावर सापडला नव्हता. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी शिवून घेतला होता. आणि धाकटीनं काहीच न ओळखता तो पट्टा न् पट्टा बाहुलीवर उतरवला होता. अंधाऱ्या दालनातला झगा कुणाला नीट दिसत नव्हता. प्रदर्शनाच्या उजेडात ती बाहुली मात्र प्रत्येकाला दिसली असती.

इन्स्पेक्टरबाईंनी फोन उचलला.

“मीच करणार होते तुम्हाला,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता, ओझं उतरल्यासारखा. “मॅडम, रागावू नका. सकाळी सरांचा फोन आला होता, पाटीवर ताईचं नाव कसं घालायचं विचारायला. मला राहवलं नाही. सांगून टाकलं की झगा मी शिवलाय. आणि ताई त्या कापडाबद्दल काहीतरी बोलणार होती, ते तिच्या वहीत आहे, हेही सांगितलं. त्यांना मुळीच राग आला नाही. म्हणाले, मी स्वतः येतो.”

“कधी?”

“आलेच आहेत, आत बसलेत. आज गुरुवार ना. आत्ताच चहा ओतला त्यांनी, मला आणि स्वतःला.”

६

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. धाकटीनं आपल्या तोंडानं कबूल केलं होतं की पाच महिने ते कापड तिनं हाताळलं. आज तिचं पोट बिघडलं, तर उद्या कुणालाही नवल वाटलं नसतं. कापडानं दुसरी बहीणही खाल्ली, एवढंच लोक म्हणाले असते.

“नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “चेहरा बदलू नका. तो चहा पिऊ नका, सांडू नका, कप हातातून सोडू नका. मी दहा मिनिटांत येते. आता ‘बरं’ म्हणा आणि फोन ठेवा.”

मग धाकटी म्हणाली, “बरं हं. ठेवते.”

त्या दहा मिनिटांबद्दल धाकटीनं पुढे फारसं काही सांगितलं नाही. ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती. संचालक समोर बसून ताईच्या आठवणी काढत होते. मधूनच म्हणत, घ्या ना, गार होईल. ती कप ओठांपर्यंत न्यायची आणि खाली आणायची. त्रेचाळीस बाहुल्या बघत होत्या. एकदा संचालकांनी बोलणं थांबवून तिच्या कपात डोकावून पाहिलं आणि हसले.

इन्स्पेक्टरबाई आत आल्या तेव्हा चहावर साय धरली होती. त्यांनी कप तिच्या हातातून अलगद काढून हवालदाराकडे दिला. वही संचालकांच्या मांडीवर होती, शेवटचं पान फाडलेलं.

“हे काय चाललंय?” संचालक म्हणाले.

“तुम्ही मला सांगितलंत की दर गुरुवारी तुम्ही बाहुलीबाईंना शिवताना, धागा ओठांत धरताना पाहिलं.”

“हो.”

“अडीच वर्षं त्यांच्या हाताला सुई लागली नव्हती. त्यांचे हात कापायचे. या घरातल्या दोघांना ते माहीत होतं. या दोघांपैकी कुणाला बाईंना मारायचं असतं, तर विष कापडातून गेलं असं भासवायचा विचार त्यांनी केलाच नसता. ज्या बाईनं कापडाला हात लावलेला नाही, तिला कापड कसं मारेल? ती सबब सुचायला बाई शिवतात असं मानणारा माणूस हवा. आणि ती पटवायला, जे घडलंच नाही ते पाहिलं म्हणणारा माणूस हवा. सर, असे तुम्ही एकटेच आहात.”

संचालकांनी चष्मा काढून पुसला. “मी दर आठवड्याला त्यांच्यासमोर बसायचो. हात कापत असते तर मला दिसलं नसतं?”

“त्या हात शालीखाली ठेवायच्या. चहाही ओतायच्या नाहीत. म्हणून तर तो तुम्हाला ओतायला मिळायचा.”

संचालकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तुमच्या त्या पडद्याची शिलाई आज उसवून बघतोय आम्ही,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. “धागा कुठल्या काळातला आहे ते कळेलच.”

‘पडदा’ हा शब्द ऐकला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा विझला. खून म्हटल्यावर तो विझला नव्हता. ते म्हणाले, “मी त्यांना विनवलं होतं. म्हटलं, माझ्या पश्चात बोला. त्या म्हणाल्या, तोवर माझीच शाश्वती नाही.” मग ते उठले आणि कुणी न सांगता दाराकडे चालू लागले.

७

चहात सोमल निघाला. संग्रहालयातल्या झग्याच्या शिलाईचा धागा नायलॉनचा निघाला. दुसऱ्या दिवशी धाकटी जबाब द्यायला ठाण्यात आली. मुलगा बाहेर बाकावर बसून राहिला.

इन्स्पेक्टरबाई स्वतः लिहून घेत होत्या. नाव, वय, पत्ता झाला. “व्यवसाय काय लिहू?”

“ताईच्या कागदावर काय लिहिलं होतं?”

“ऐतिहासिक पोशाखांच्या बाहुल्या बनवणे.”

“तेच लिहा.”

मग तिनं सगळं सांगितलं, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. शेवटी सही करायला पेन हातात घेतलं आणि ती थांबली.

“मॅडम, एक विचारू? ताई शिवत नाही हे आम्ही लपवलं नसतं, सगळ्यांना ठाऊक असतं, तर त्यांना कापडाचा बहाणा करता आला नसता ना?”

“नसता.”

“मग ती वाचली असती?”

खोटं बोलणं सोपं होतं. इन्स्पेक्टरबाईंनी अशा वेळी ते अनेकदा केलंही होतं. पण समोरची बाई टाका चुकला तर उसवून पुन्हा घालणारी होती.

“बहुतेक वाचली असती,” त्या म्हणाल्या. “त्या माणसाला दुसरा बहाणा सापडला नसता तर.”

धाकटीनं मान हलवली. ती रडली नाही. तिनं कागद फिरवून इन्स्पेक्टरबाईंच्या पुढे सरकवला.

“हेही लिहा त्यात.”

“ते जबाबात बसत नाही, बाई.”

“बसवा,” धाकटी म्हणाली आणि पेन हातात धरून वाट बघत राहिली.